उकंडरावांच्या पायाची नाडी

धाडमध्ये उकंडरावांइतका बोलका माणूस नाही, अशी आसपासच्या चार गावांत कीर्ती होती. ही कीर्ती त्यांना त्यांच्या उजव्या पोटरीनं मिळवून दिली होती.

घरून एसटीच्या थांब्याकडे निघालं, की गुलाबरावांच्या दारापाशी ती पोटरी आवळून यायची. आत बसून कुणी सुंभाचा पीळ घालतंय अशी कळ. थांबलं की ओसरायची, चाललं की पुन्हा यायची. पण भर रस्त्यात उगीचच उभं राहणं साठी उलटलेल्या, पन्नास एकर बाळगून असलेल्या माणसाला शोभत नाही. म्हणून उकंडराव विचारायचे, "काय गुलाबराव, कपाशी काय म्हन्ते?" गुलाबराव कपाशीचं सविस्तर सांगायला लागायचे. तेवढ्यात कळ जायची आणि कपाशीला बोंडं धरायच्या आधीच उकंडराव पुढच्या वाटेला लागायचे. पुढे वामनरावांचा ओटा. तिथे बसायचं, बिडी पेटवायची, वामनरावांच्या सुनेचं बाळंतपण, बैलाचं खूर, कोर्टातली तारीख, सगळ्याची चौकशी करायची. मग उठायचं ते शाळेच्या भिंतीपर्यंत. तिथे मास्तर भेटायचे.

"मानूस असावा तं असा," लोक म्हणायचे. "एवढी जमीन, पन जाता-येता गरिबाले इचारते."

खरं काय ते बायकोला, झुंबरबाईंना ठाऊक होतं. त्या चार वर्षांमागं वारल्या. तेव्हापासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे उजव्या पायाचा अंगठा काळा पडला आणि त्यावरची जखम भरेना. मुलगा भगवानराव बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून होता. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. तो वडिलांना बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय दाबला, हुंगला आणि गुडघ्याखाली बोटानं एक रेघ ओढली. इथून कापावा लागेल, म्हणाले. नाहीतर मुंबईला जा. तिथल्या मोठ्या दवाखान्यात विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर आहेत, ते पायात नवी शीर बसवतात म्हणे.

पाय कापणार ही बातमी संध्याकाळच्या एसटीनं धाडला पोचली आणि उकंडरावांच्या दारात माणूस मावेना. दुसरबीडची मेव्हणी आली. ज्यांच्याशी वाकडं होतं ते भाऊबंदही आले. सगळे येऊन पायाकडे बघायचे, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायाकडे. उकंडरावांना आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता. पण रात्री दिवा मालवला की त्यांना एकच विचार छळायचा. पाय मुंबईत जाळतील. आपण मागाहून धाडला जळणार. वर गेल्यावर हे दोन्ही एका माणसाचं आहे हे कोण जुळवून घेणार?

म्हणून ते मुंबईला गेले.

मुंबई आपल्याला मिळाली, हे उकंडराव दहा वर्षं ऐकून होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर ती मिळाल्यासारखी वाटली नाही. पण डॉक्टर चांगले होते. त्यांनी उकंडरावांच्या पायातलीच एक वरवरची शीर काढली, उलटी केली आणि मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत, तुंबलेल्या रक्तनळीला वळसा घालून, शिवून टाकली. उलटी का, हेही समजावलं. शिरेला आतून झडपा असतात, सुलटी बसवली तर रक्त अडतं. उकंडरावांनी मान हलवली. बंधाऱ्यावरून पाटाचं पाणी फिरवणं त्यांना कळत होतं. पाट उपटून उलटा लावणं नवीन होतं.

"साठीच्या पुढच्या माणसांत हे किती टिकतं, ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यासारख्यांकडूनच कळेल."

त्यांची नजर उकंडरावांच्या ओळखीची होती. हायब्रीड ज्वारी पहिल्या साली ज्याच्या वावरात पेरली होती, त्या शेतकऱ्याकडे शेतकीखात्याचे साहेब असंच बघायचे.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. बिडी आजपासून बंद, ती मरेपर्यंत. रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आणि रोज पायाची नाडी पाहायची. त्यांनी उकंडरावांची दोन बोटं धरून त्यांच्याच पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या हाडाशेजारी टेकवली. कातडीखाली काहीतरी टुकटुक करत होतं.

"ही लागते तोवर शीर चालू. लागेनाशी झाली की त्याच दिवशी गाडीत बसायचं. उशीर केलात तर पाय माझ्या हातात राहणार नाही."

"बरं."

"आणि पाहायला शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी सांगत जा. स्वतःची बोटं दाबून धरली की बोटातलीच नाडी लागते आणि माणूस खूश होतो. घरी कोण असतं तुमच्या?"

"समदे हायेत," उकंडराव म्हणाले.

दसऱ्याच्या आधी ते धाडला परतले. एसटीतून उतरले तेव्हा थांब्यावर बरीच गर्दी होती. उकंडराव दोन पायांवर उतरले. गर्दीनं दोन्ही पाय पाहिले. सर्कशीचा तंबू रिकामा निघाला की चेहरे होतात तसे काही चेहरे झाले. दोन दिवस माणसं आली, मांडीवरचा लांब व्रण पाहून गेली. "उलटी बसोली म्हन्ते," असं म्हणून गेली. तिसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. धडधाकट पाय बघायला कोण कशाला येईल?

मग उकंडराव चालायला निघाले आणि त्यांना शोध लागला, की गुलाबरावांचं घर आलं तरी पोटरी गप्प आहे. वामनरावांचा ओटा आला, गेला. शाळेची भिंत गेली. एसटीच्या थांब्यापर्यंत ते एका दमात गेले आणि तिथे उभे राहून त्यांनी मागं पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा हा रस्ता असा सलग, एकाच तुकड्याचा दिसला. डोळ्यांत पाणी आलं.

डोळ्यांत पाणी असल्यामुळे गावात काय चाललंय ते दिसलं नाही. ओट्यावर वामनराव बाकीच्यांना सांगत होते, "पाह्यलं काय? थांबला का? सून बरी हाये का म्हनून तरी इचारलं का? मंबईहून आल्यापासून मानूसच बदलून गेला."

हे कानावर आल्यावर उकंडराव मुद्दाम ओट्यावर जाऊन बसले. वामनरावांनी रिवाजाप्रमाणे कानावरची बिडी काढून पुढे केली.

"नोको," उकंडराव म्हणाले. "बंद केली."

"एक वढा. एका बिडीनं काय होते?"

"डाक्टरनं नाही सांगतलं."

वामनरावांनी बिडी परत कानावर ठेवली. "मंबईची शिगरेट पाह्यजे आता यायले," ते बाकीच्यांना म्हणाले. सगळे हसले. उकंडरावही हसले. त्यानंतर काय बोलायचं हे त्यांना सुचेना. पूर्वी बोलणं अडलं की काडी ओढायची, विझली तर पुन्हा ओढायची, एकानं पेटवून दुसऱ्याकडे द्यायची. तेवढ्यात पुढचं वाक्य यायचं. आता हात मांडीवर पडून होते आणि वाक्यं येत नव्हती. गावात कुणाला वाळीत टाकायचं तर त्याचं पान-तमाखू बंद करायची पद्धत होती. दोन-तीनदा तसा निकाल देताना उकंडराव स्वतः पंचांत बसले होते. हीच शिक्षा औषध म्हणूनही देतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

उरली नाडी.

सकाळी अंघोळ झाली की उकंडराव दारातल्या ओट्यावर बसून वाकायचे आणि पावलावर दोन बोटं ठेवायचे. टुकटुक. पायात कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटायचं. पण लगेच डॉक्टरांचं बोलणं आठवायचं आणि ही पाहुण्याची चाहूल की आपल्याच बोटांची, या शंकेनं दिवस खराब व्हायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना यातलं एवढंच दिसायचं, की उकंडराव रोज सकाळी अंघोळ करून स्वतःच्याच पायांना हात लावतात.

"सोताच्याच पाया पडते म्हातारा," बातमी वामनरावांच्या ओट्यावर आली.

"कोनी पडत नसंल तं काय करंल बिचारा," वामनराव म्हणाले.

पाहणारा दुसरा हवा होता. भगवानराव सकाळी घाईत असायचा. एका हातात डबा, एक पाय चपलेत, कान एसटीच्या हॉर्नकडे. तो चालता चालता वाकून वडिलांच्या पावलाला हात लावायचा. "लागते बाबा, मस्त लागते," म्हणायचा आणि पळायचा. बोट टेकलं की नाही हेसुद्धा उकंडरावांना कळायचं नाही. सून कोकिळा डोक्यावरचा पदर सोडत नसे आणि सासऱ्याशी दाराआडून बोलत असे. तिनं सासऱ्याला हात लावायचा तो सणासुदीला, पाया पडताना.

म्हणून उकंडराव सणांची वाट बघू लागले. दसऱ्याला कोकिळा आपट्याची पानं देऊन वाकली.

"थांब," उकंडराव म्हणाले. "हात तिथीच ठेव. जराक वर. लागते का काई?"

कोकिळा घाबरली. "हाव मामाजी."

"टुकटुक?"

"टुकटुक."

त्या दिवशी उकंडराव दोन पोळ्या जास्त जेवले. दसऱ्यानंतर दिवाळीचा पाडवा आला, मग संक्रांत. पण सण मोजके आणि नाडी रोजची, हे गणित जमेना. तेव्हा त्यांनी लग्नांकडे मोर्चा वळवला. लग्नात वडीलधाऱ्या माणसाच्या पाया सगळेच पडतात. नवरा-नवरी पडतात, करवल्या पडतात, ओळखदेख नसलेले पडतात. बोलावणं असो नसो, उकंडराव आसपासच्या गावांत चालत लग्नांना जाऊ लागले. मांडवात खुर्चीवर बसायचं, उजवा पाय चपलेतून काढून थोडा पुढे ठेवायचा आणि वाट बघायची.

एका लग्नात जोडा वाकला. उकंडरावांनी नवरदेवाच्या हातावर आपला हात दाबून धरला.

"काढू नोको. बोटं सरकव. लागते?"

नवरदेवाला आधीच हळदीनं आणि उपासानं घेरी येत होती. "लागते आजोबा."

"नीट पाह्य. घाई कायची?"

"लई लागते."

मागं पाया पडणाऱ्यांची रांग तुंबली. अक्षता संपल्या, मामा ओरडायला लागले. पुढच्या लग्नांत उकंडरावांची खुर्ची मांडवाच्या पार टोकाला, स्वयंपाकाच्या कढयांजवळ मांडली जाऊ लागली. आणि गावात माणसं रस्त्याच्या पलीकडूनच हात जोडून "रामराम" म्हणायला लागली. आदर कमी झाला असं कुणी म्हणू शकलं नसतं. फक्त तो आता दोन हात लांबून मिळत होता.

होळीच्या सुमाराला एक चांगली गोष्ट घडली, असं गावाला वाटलं. उकंडराव पुन्हा थांबू लागले. आधी शाळेच्या भिंतीशी, मग वामनरावांच्या ओट्याशी, मग गुलाबरावांच्या दाराशी. "काय गुलाबराव, गहू काय म्हन्ते?"

"आला म्हातारा ताळ्यावर," वामनराव म्हणाले. "पह्यल्यावानी झाला."

उकंडरावांनी मनाशी ऊन म्हटलं, वय म्हटलं, चपलेचा अंगठा बोचतो म्हटलं. नाडी तर होती. सकाळीच भगवानराव म्हणाला होता, मस्त लागते. गुढीपाडव्याला कोकिळाही म्हणाली होती. आठवड्यामागं एक नवरी म्हणाली होती, आणि नवरी खोटं कशाला बोलेल? स्वतःच्या बोटांचं म्हणाल तर ती दाबली की लागायची, हलकी ठेवली की लागायची नाही. उकंडराव दाबून ठेवायचे.

वैशाखात एका संध्याकाळी ते गावाबाहेर नाल्याच्या बाजूनं चालत होते. त्या बाजूला ते सहसा जात नसत. पण गावातल्या रस्त्यावर आता इतक्या लांबून इतके रामराम व्हायचे की हात दुखायचे. नाल्याच्या अलीकडे बौद्ध वस्ती, वस्तीच्या कडेला लिंबाचं झाड, झाडाखाली बाज आणि बाजेवर पुंजाजी.

पुंजाजी उकंडरावांच्याच वयाचे. एके काळी ते गावकीचं काम करायचे, उकंडराव दिसले की वाकून जोहार घालायचे, मालक म्हणायचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले आणि वाकणं बंद झालं. मालक हा शब्दही त्याच वर्षी गेला. तेव्हापासून रस्त्यात गाठ पडली की पुंजाजी ताठ उभं राहून "जय भीम" म्हणायचे आणि उकंडराव "हं" म्हणायचे. एवढ्याच भांडवलावर दोघांचा व्यवहार इतकी वर्षं बिनतक्रार चालला होता.

बरोबर त्या बाजेसमोर पोटरीनं पीळ घातला. उकंडराव उभे राहिले. विचारायला कपाशी नव्हती, गहू नव्हता. पुंजाजींकडे जमीनच नव्हती.

"जय भीम," पुंजाजी म्हणाले.

"हं," उकंडराव म्हणाले आणि तसेच उभे राहिले. तोंडावर घाम आला.

पुंजाजींनी थोडा वेळ पाहिलं. मग बाजेच्या एका कडेला सरकले. "बसा. पाय दुखून राह्यला तुमचा."

इतक्या वर्षांत ही गोष्ट ओळखणारा झुंबरबाईंनंतरचा हा पहिला माणूस. उकंडराव बसले. त्या बाजेवर बसायचं की नाही, याचा विचार करायला त्यांना एरवी महिना लागला असता. पोटरीनं तेवढी सवड दिली नाही.

बराच वेळ दोघं नाल्याकडे बघत राहिले. नाल्यात पाणी नव्हतं.

"पोरगा कुठी असते आता?" उकंडरावांनी विचारलं.

"औरंगाबादले. मास्तर हाये. दोन्ही पोरं तिकडंच." पुंजाजी म्हणाले. "घर मोठं झालं मले."

उकंडरावांनी मान हलवली. घर मोठं होतं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. मग त्यांनी चपलेतून पाय काढला आणि आयुष्यभर पुंज्या म्हटलेल्या माणसाला, जीभ एकदा अडखळवून, म्हणाले, "पुंजाजी, एक काम होतं. या पायाले जरा हात लाव."

पुंजाजींचा चेहरा बंद झाला. "पायाले हात लावनं सोडलं म्या, उकंडराव. तुमाले मालूम हाये."

"पाया पड म्हनत नाही मी. नाडी पाह्यची हाये."

"वाकून हात लावला तं पाह्यनाऱ्याले काय दिसंल?"

उकंडरावांनी इकडेतिकडे पाहिलं. पाहणारं एक करडू होतं. पण मुद्दा बरोबर होता. स्वतः पाहताना गावाला काय दिसलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"वाकू नोको मंग."

"मंग पाय वर आना," पुंजाजी म्हणाले. "मी बसलो तिथीच बसतो."

उकंडराव बाजेवर वळले आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून उजवा पाय उचलून पुंजाजींच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्याच्या अंगावर पाय टाकणं म्हणजे त्याचा अपमान. आपला पाय त्याच्या हातात देऊन त्याच्या बाजेवर असं कलंडणं म्हणजे आपला. यात कमी-जास्त कुणाचा झाला हे दोघांनाही ठरवता येईना, म्हणून ते कामाला लागले. उकंडरावांनी जागा दाखवली. "दाबू नोको. हलका ठेव हात."

पुंजाजींनी बोटं ठेवली. ती खरबरीत होती आणि घाईत नव्हती. त्यांनी डोळे मिटले. बोटं थोडी वर नेली, थोडी खाली. मग म्हणाले, "दुसरा पाय आना."

डावा पाय मांडीवर गेला. "यात लागते," पुंजाजी म्हणाले. "बारीक हाये, पन लागते." पुन्हा उजवा. पुन्हा डोळे मिटले. लांब कुठेतरी एसटीनं हॉर्न दिला, बंद झाला.

"यात नाही लागत."

"नीट पाह्य."

"पाह्यलं. नाही."

"समदे तं म्हन्तात लागते. पोरगा म्हन्ते, सून म्हन्ते. लगनातली पोरं म्हनली."

"वाकून पाह्यलं असंल त्यायनं," पुंजाजी म्हणाले. "वाकल्यावर नाही कोन म्हन्ते? म्या बी कवा म्हनलं नोव्हतं तुमाले."

त्यांनी पाय उचलून हळूच बाजेवर ठेवला. उकंडराव चप्पल शोधू लागले. ती पायाखालीच होती, पण बराच वेळ सापडली नाही.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी भगवानरावाला समोर बसवलं. कोकिळा दाराआड होती.

"नाडी नाही लागत," ते म्हणाले.

"मी तं रोज पाह्यतो बाबा."

"लागत होती?"

भगवानराव ताटाकडे बघू लागला. ताटात काही नव्हतं. "मले वाटलं, तुमाले बरं वाटंल."

दाराआडून कोकिळाचा आवाज आला. "मले तं कवा समजलीच नाही मामाजी, कुठी असते ते. इचारू कसं?"

उकंडराव रागावले नाहीत. रागावायला कुणी खोटं बोललेलं असावं लागतं. इथे सगळ्यांनी आदरच केला होता. दसऱ्यापासून इतके हात या पावलाला लागले. त्यांतले खरे किती आणि कुठल्या दिवसापर्यंतचे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि त्यांना सर्वांत वाईट वाटलं ते शिरेचं नाही. प्रत्येक वेळी "लागते" ऐकून आपण जेवलो होतो, याचं वाटलं.

सकाळच्या एसटीनं बाप-लेक मलकापूरला गेले, तिथून रेल्वेनं मुंबईला. गाडीत रात्रभर उकंडराव उजव्या पायावर हात ठेवून बसले. निरोप द्यायला आलेल्या माणसाचा हात गाडी सुटेपर्यंत धरतात तसा.

डॉक्टरांनी पाय पाहिला. बोटं ठेवली, काढली, कसलंसं यंत्र लावलं. बरोबर पाच-सहा शिकाऊ डॉक्टर होते, त्यांनीही एकेक करून बोटं ठेवली. "नाही, सर." "नाही, सर." सगळे नाही म्हणत होते आणि एकही वाकलेला नव्हता, पाय उंच पलंगावर होता.

"शीर बंद पडली आहे," डॉक्टर म्हणाले. "आजकालची नाही. दोन-तीन महिने झाले असतील."

उकंडरावांनी आपल्याच बोटानं गुडघ्याखाली एक रेघ ओढली. "इथून?"

"काय, इथून?"

"कापनार ना?"

डॉक्टरांनी अंगठा चेपला, तळवा चेपला. जखम केव्हाच भरून आली होती. "पाय तर गरम आहे. रंग चांगला आहे. चालता का तुम्ही?"

"चालतो. दुखलं की थांबतो, मंग चालतो."

"कुठे जाता एवढं?"

"नाडी पाह्यनारा शोधाले," उकंडराव म्हणाले आणि लग्नांचं सगळं सांगितलं. भगवानराव खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टर हसले नाहीत. शिकाऊ हसले, तर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग समजावून सांगितलं. मोठी वाट एकदम न तुंबता हळूहळू तुंबली आणि माणूस चालत राहिला, तर रक्त आसपासच्या बारीक आडवाटा रुंद करून घेतं. त्या वाटांनी पाय जगतो. नाडी लागण्याइतका जोर त्यांत नसतो, पण पाय जगतो. बिडी ओढली असती तर त्या वाटाही मिटल्या असत्या. एकूण ऑपरेशन नापास झालं आहे आणि पाय पास. साठीच्या पुढच्या पेशंटांच्या हिशेबात याला कुठं धरायचं, यावर त्यांचा आणि शिकाऊ डॉक्टरांचा इंग्रजीत थोडा वाद झाला. हायब्रीड पीक बुडालं आणि बांधावरची गावरान ज्वारी आली तर शेतकीखात्याच्या साहेबांचं असंच व्हायचं.

"चालत राहा," शेवटी डॉक्टर म्हणाले. "जखम झाली किंवा पाय गार पडला तर या. आता रोज नाडी पाहायची गरज नाही."

"बिलकूल नाही?"

"नाहीच आहे, तर पाहणार काय?"

परतीच्या गाडीत भगवानराव खुशीत होता. पाय वाचला होता, वर दुसरं ऑपरेशनही टळलं होतं. उकंडराव हो हो म्हणत होते. पाय राहिला याचा आनंद त्यांना झालाच होता. पण त्या पायावर कुणाला बोटं ठेवायला सांगायचं जे एक कारण होतं, ते मुंबईतच राहिलं होतं.

गावात पुन्हा दोन दिवस माणसं आली, पुन्हा दोन्ही पाय मोजून गेली. उकंडराव पुन्हा रस्त्यानं थांबत थांबत जाऊ लागले. गुलाबराव, वामनराव, शाळेची भिंत. वामनरावांनी तर बिडी पुढे करायचंही सोडून दिलं आणि जागा करून दिली. सगळं पूर्वीसारखं झालं होतं. एकच अडचण होती. उकंडराव म्हणाले, की यंदा कापूस चढंल, तर ओट्यावरचे म्हणायचे, "हाव, चढंल." अर्ध्या तासानं उकंडराव म्हणाले, की नाही, पडंल, तर ओटा म्हणायचा, "पडंलच." हे असंच पहिल्यापासून चालत असणार. पण पूर्वी ते थांबायचे ते कळ जाण्यासाठी, उत्तर ऐकत नव्हते.

एका संध्याकाळी ते नाल्याकडे गेले. बाजेवर पुंजाजी होते. ते सरकले. उकंडराव बसले, चप्पल काढली आणि उजवा पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आता कायले?" पुंजाजी म्हणाले. "तुमचा भगवानराव सांगत होता, बंद हाये म्हने ती."

"हाये तं हाये. तू पाह्य."

"नसली तं नाहीच म्हनीन मी."

"म्हन."

पुंजाजींनी बोटं ठेवली आणि डोळे मिटले. घाई केली नाही. वस्तीत कुठेतरी चूल पेटली होती, धूर लिंबाखालून नाल्याकडे सरकत होता. चहाचं कुणी विचारलं नाही. उकंडराव इथला चहा पितील की नाही हे पुंजाजींना ठाऊक नव्हतं आणि खरं म्हणजे उकंडरावांनाही; म्हणून तो विषय दोघांनी अजून बाजूलाच ठेवला होता. बोटं पावलावर थोडी वर गेली, थोडी खाली आली, आणि तिथेच बराच वेळ टेकून राहिली.

"नाही," पुंजाजी म्हणाले.

"बरं," उकंडराव म्हणाले आणि पाय तसाच राहू दिला.